दत्तक मुलाला गोष्टी कोणत्या सांगायच्या?

दत्तक मुलाला ठाकर-कातकऱ्यांच्या गोष्टी सांगू नका, त्याला ‘मूळ’ आठवेल, असा सल्ला आमच्या कर्जत-खालापुराकडे मी ऐकला आहे. मला तो मुळीच पटत नाही. इथिओपियाने २०१८ साली परदेशी दत्तक बंद केले. त्याआधी अमेरिकेत गेलेल्या मुलांसाठी तिथले पालक आफ्रिकेतल्या लोककथा शोधतात. आणि आपण शेजारच्या वाडीवरची गोष्ट उंबऱ्याबाहेर ठेवतो! उद्योगपर्वातला कर्ण आठवा. कृष्णाने जन्माचे रहस्य सांगितले, तरी राधा-अधिरथांना सोडायला तो तयार झाला नाही. मूळ कळल्याने माया आटत नाही. पण ते बाहेरच्या कुणाकडून कळले, तर मुलाचा आईबापांवरचा विश्वास जातो. तेव्हा वाचकहो, या गोष्टी घरीच सांगा. पोटच्या मुलालाही शेजारी बसवून सांगा.