शिष्यवृत्तीचा रुमाल

बारावीचा निकाल लागतो न लागतो तोंच आमच्या शेतकऱ्याच्या घरचा मोबाईल वाजूं लागतो. पलीकडून मोठ्या अदबीनें सांगण्यांत येतें, “आपल्या चिरंजीवांची आमच्या विद्यापीठाच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठीं निवड झाली आहे. निम्मी फी माफ. मात्र आठ दिवसांत पैसे भरून जागा पक्की करावी.” बापाचा ऊर भरून येतो. ज्या घरांत पदवी कशी असते हें कोणीं पाहिलें नाहीं, त्या घरच्या पोराला विद्यापीठ आपण होऊन बोलावतें, ही गोष्ट कांहीं लहान नव्हे. उसाच्या बिलावर उचल निघते, आईच्या अंगावरचें सोनें बँकेंत जातें आणि आठव्या दिवशीं पैसे भरले जातात. परंतु त्या आठ दिवसांत जे प्रश्न विचारावयास पाहिजे होते, ते कोणी विचारीत नाहीं. ते कोणते, हें सांगण्यासाठींच आजचा हा लेख आहे.

खाजगी विद्यापीठें सरसकट टाकाऊ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं ठिकाणीं चांगले अध्यापक आहेत, सुसज्ज प्रयोगशाळा आहेत, आणि जवळच्या सरकारी महाविद्यालयांत न मिळणारे विषय तेथें शिकतां येतात. आमचें गाऱ्हाणें निराळें आहे. जो शेतकरी बैल घेतांना त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, तोच शेतकरी मुलाच्या चार वर्षांचा सौदा गुळगुळीत कागदावरील चित्रें पाहून करतो!

जनावरांच्या बाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरवितो. भाव त्या दोघांनाच कळतो, शेजाऱ्याला पत्ता लागत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं ही शिष्यवृत्ति अशीच रुमालाखालची असते. आधीं फीचा आंकडा चढा ठेवावयाचा. मग एकाला पाव सूट, दुसऱ्याला निम्मी, आणि जो घासाघीस करील त्याला आणखी थोडी. प्रत्येकाला वाटतें, माझ्याच मुलाचा मान झाला. सूट मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. परंतु ती सूट आहे हें ओळखून घ्यावी. सवलतीला सन्मान समजून जो भुलला, तो हिशोब करावयाचें विसरला.

तेव्हां हिशोबच मांडूं. समजा, वर्षाची फी ३ लाख रुपये आहे, वसतिगृह व खाणावळ मिळून दीड लाख आहेत, आणि निम्मी फी माफ झाल्याचें पत्र हातीं आलें आहे. बाप मनांत म्हणतो, दीड चोक सहा. सहा लाखांत पोरगा इंजिनिअर! पण राहणें-खाणें धरलें कीं त्याचे बारा लाख होतात. पहिल्या वर्षाअखेर गुणांची अट हुकली आणि सूट बंद झाली, तर साडेसोळा लाख होतात. त्यांतच फी दरसाल शेंकडा १० वाढत गेली, तर आंकडा १८ लाख ४२ हजारांवर जातो. अनामत रक्कम, परीक्षेचें शुल्क, लॅपटॉप, येणेंजाणें हें अजून धरलेंच नाहीं. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, पहिल्या वर्षाचा आंकडा कोणीं सांगितला तर ऐकून घ्यावा आणि म्हणावें, “आतां चारी वर्षांचा लिहून द्या.”

कर्जाचेंहि असेंच आहे. १० लाखांचें कर्ज, व्याज दरसाल दर शेंकडा १०, आणि फेड दहा वर्षांत, असें धरलें तर दरमहा सुमारें १३,२०० रुपये हप्ता बसतो. शिकत असतांनाचें व्याज निराळें. केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेंत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शेंकडा ३ व्याजसवलत ठेवली आहे, परंतु ती निवडलेल्या संस्थांपुरतीच. आपण निवडलेलें विद्यापीठ त्या यादींत आहे कीं नाहीं, हें पैसे भरण्यापूर्वीं बँकेंत जाऊन पाहावें. आणि नोकरीच्या जाहिरातींत सर्वांत मोठा पगार मिळविणाऱ्या एका मुलाचें छायाचित्र दाखवितात, त्याला भुलूं नये. शंभरांतील पन्नासावा मुलगा काय मिळवितो, तें विचारावें. हप्ता त्याच्याच पगारांतून जावयाचा आहे.

शिष्यवृत्ति किती, ह्याहून ती किती वर्षें आणि कोणत्या अटीवर, हा प्रश्न मोठा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें चरित्र आमच्या घरोघरीं आहे, पण ह्या दृष्टीनें तें फारसें कोणी वाचीत नाहीं. १९१३ सालीं श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तें विद्यापीठहि खाजगीच. शिष्यवृत्ति दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें, आणि पुढें दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करण्याचा करार. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हां लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ सालीं त्यांना परत यावें लागलें. करारामुळें बडोद्यास गेले, तर तेथें अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. मग मुंबईस अध्यापकी करून, पैसा सांठवून, १९२० सालीं ते पुन्हा लंडनला गेले. बाबासाहेबांची जिद्द होती म्हणून तुटलेला दोर पुन्हा जोडला गेला. आमच्या पोरांनीं त्या जिद्दीचा कित्ता जरूर गिरवावा. पण दोर कोठें तुटूं शकतो हें जाणून घेणें बापाच्या हातीं आहे. सूट टिकण्यासाठीं किती गुण लागतात? एका सहामाहींत मुलगा आजारी पडला तर काय? गेलेली सूट गुण सुधारल्यावर परत मिळते काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें तोंडी नकोत, सहीशिक्क्यानिशीं कागदावर पाहिजेत.

आणखी एक गोष्ट. ह्या शिष्यवृत्त्या बहुतेक गुणांवर दिल्या जातात. शहरांत दोन वर्षें शिकवणीला लाख-दोन लाख रुपये ओतले त्याचे गुण अधिक. पहाटे धारा काढून एस.टी.नें कॉलेजला गेला त्याचे कमी. म्हणजे ज्याला गरज थोडी त्याला मदत मोठी! हा न्याय उलटा आहे. ज्या कोलंबियाचा उल्लेख वर आला, तेथें आज पदवीच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाची मदत घरची ऐपत पाहून मिळते, गुणांवरून नव्हे. अमेरिकेंतील धनाढ्य विद्यापीठांना जें सुचतें, तें आमच्याच समाजाच्या नांवावर संस्था उभारणाऱ्या आमच्या शिक्षणमहर्षींना कां सुचूं नये?

सरकारी मदतीविषयीं तर अज्ञान फारच आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें. परंतु ही माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेंतून मिळालेल्या जागेला आहे, आणि जुलै २०२४ च्या त्या निर्णयांत खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठें वगळलीं होतीं. अर्थ असा कीं, जी मुलगी विनाअनुदानित महाविद्यालयांत शिक्षणशुल्क न भरतां इंजिनिअर होऊं शकते, तिच्याच बापानें खाजगी विद्यापीठाच्या ‘निम्म्या माफी’ला भुलून लाखों रुपये मोजावे! नियम बदलत असतात. म्हणून त्या वर्षाचा नियम समाजकल्याण किंवा तंत्रशिक्षण खात्यांत विचारून मगच निर्णय करावा. सरकारी यादी लागण्यापूर्वींच घाई करून पैसे भरले असतील, तर फी परत मिळण्याचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगानें घालून दिलेले आहेत, आणि मूळ दाखले अडकवून ठेवण्यास आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनें मनाई आहे, हें विसरूं नये.

आतां राहण्याचा प्रश्न. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें आणि पुढें निरनिराळ्या समाजांसाठीं वसतिगृहें उघडलीं. शाळेचें दार उघडें असलें तरी अंग टेकावयास जागा नसेल तर खेड्यांतलें पोर शिकत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. तें आजहि खरें आहे. म्हणून इमारतीची काच पाहूं नये, वसतिगृहाची खोली पाहावी. खाणावळींत एक वेळ जेवून पाहावें. ग्रंथालय रात्रीं किती वाजेपर्यंत उघडें असतें, कायम अध्यापक किती, इंग्रजींत अडखळणाऱ्या मुलाला वर्गांत हंसतात कीं मदत करतात, हें विद्यापीठाच्या माणसाला न विचारतां फाटकाबाहेर चहा पीत असलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावें. बाबासाहेबांना कोलंबियाच्या वसतिगृहांत नवल भथेना हा पारशी मित्र लाभला, आणि १९२० सालीं लंडनला जातांना त्याच मित्रानें त्यांना पैसे उसने दिले. चांगल्या वसतिगृहाची किंमत ही अशी असते. आणि जेथें कपड्यांवरून, बोलीवरून, आडनांवावरून मुलें एकमेकांना जोखतात, तेथें स्वस्त खोलीहि महागच पडते.

विद्यापीठ कायद्यानें उभें आहे कीं नाहीं, हें पाहणें तर सर्वांत आधीं. छत्तीसगडांत २००२ च्या कायद्याच्या आधारें ११२ खाजगी विद्यापीठें कागदावर उभीं राहिलीं. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो आधारच रद्द केला. विद्यापीठ अनुदान आयोगाची यादी मोबाईलवर फुकट पाहतां येते. तेवढा आळस करूं नये.

शेवटीं दोन शब्द विद्यापीठें चालविणाऱ्यांना. आपल्या शिष्यवृत्त्या खऱ्या असतील तर रुमाल दूर करावा. दरवर्षीं दोनच आंकडे छापावेत: पहिल्या वर्षीं किती मुलांना शिष्यवृत्ति दिली, आणि चौथ्या वर्षीं त्यांतील किती जणांकडे ती उरली. आणि दोन शब्द गांवांतील शिकलेल्या माणसांना. आपल्या आळींतला बाप येत्या हंगामांत पैसे भरावयास निघेल, तेव्हां त्याच्यासोबत एक संध्याकाळ बसा, कागद वाचा, चारी वर्षांची बेरीज करून द्या. शिकल्याचा एवढा तरी उपयोग समाजाला झाला पाहिजे.