नायगाव, देवराष्ट्रे आणि आपला वॉर्ड

दर १२ मेला नर्सिंग कॉलेजांतून फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार पडतो, दिवे लागतात, शपथ होते. सातारा-सांगलीही त्याला अपवाद नाही, आणि त्यात वावगे काही नाही. पण प्रवेशाच्या वेळी ‘नर्सिंगलाच का आलीस?’ असे विचारले की मुली पाठ केल्यासारखे नाइटिंगेलचे नाव घेतात. जरा बोलते केले की वेगळेच ऐकू येते. आजी सिव्हिलला होती तेव्हा नाइटच्या सिस्टरने एका झटक्यात शीर शोधली, किंवा गावच्या उपकेंद्रातल्या एएनएमबाईंना सगळे गाव विचारून चालते. आपल्या व्यवसायात माणसे येतात ती अशी, कुणाला तरी जवळून काम करताना पाहून.

मोठीच नावे हवी असतील, तर तीही जवळ आहेत. सावित्रीबाई फुले खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. १८९७ च्या प्लेगात मुलगा डॉ. यशवंत याच्यासह त्यांनी पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच आजाराने १० मार्चला त्या गेल्या. तेव्हा प्लेगचा जंतू सापडून तीनच वर्षे झाली होती. पिसवांचा संबंध अजून सिद्ध व्हायचा होता. आज सगळे ठाऊक असताना नर्सला पुरेशा हातमोज्यांवाचून उभे करायचे आणि भाषणात सावित्रीबाईंच्या त्यागाचे दाखले द्यायचे, हे आम्हाला मान्य नाही.

दुसरे नाव आपण फारसे घेतच नाही. देवराष्ट्रे म्हटले की यशवंतराव चव्हाण आठवतात. पण १८६२ मध्ये त्याच गावी कुर्लेकरांच्या घरात जन्मलेली मुलगी पुढे रमाबाई रानडे झाली. त्या स्वतः नर्स नव्हत्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाल्यावर त्यांनी बायकांना ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली. सोवळ्या घरातल्या विधवेने परजातीच्या, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना सहन होत नव्हती. सेवासदनाच्या एका समारंभात केशवपन केलेली एक विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला उठली, तेव्हा मागे बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारोपाला उभ्या राहिलेल्या रमाबाईंनी त्या पोरांची भर सभेत खरडपट्टी काढली.

आम्हाला रमाबाई महत्त्वाच्या वाटतात त्या इथे. शिक्षणाची सोय त्यांनी केलीच, शिवाय शिकणारीचा अपमान झाला तेव्हा त्या गप्प बसल्या नाहीत. नातेवाईक थर्ड इयरच्या मुलीवर ओरडतात, एखादे डॉक्टर राउंडमध्ये तिला चारचौघांत झापतात. अशा वेळी तिच्या बाजूने किती इनचार्ज उभ्या राहतात?

डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले आणि पुढे तिथे परिचारिकाही घडू लागल्या. आज मिरज, सांगली, कराड, सातारा, सगळीकडे विद्यार्थिनी पोस्टिंगला असतात. त्यांना आपण काय दाखवतो? हँडओव्हर रुग्णाच्या खाटेशी होतो की टेबलाशी बसल्या बसल्या? टीपीआर चार्टवरची नाडी मोजलेली असते की अंदाजे? डोस चुकीचा वाटला तर सिस्टर डॉक्टरांना थांबवून विचारते का? रजिस्टरे ओढणे आणि गॉजच्या घड्या घालणे एवढ्यातच पोस्टिंग संपले, तर त्या मुलीने कुणाचा कित्ता गिरवायचा? माणसे कमी आहेत, एकेका सिस्टरवर दोन-दोन जणींचे काम आहे, हे आम्ही जाणतो. त्याविषयी या पानांतून भांडत आलो आहोत, पुढेही भांडू. पण नाडी मोजल्यावाचून आकडा लिहायला शिकवण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

पुढील अंकापासून एक पान वाचकांसाठी ठेवत आहोत. तुम्हाला काम शिकवणाऱ्या सिस्टरबद्दल लिहा. वॉर्ड कोणता, साल कोणते, नेमके काय शिकलात, ते येऊ द्या. ‘फार मायाळू होत्या’ एवढाच मजकूर असेल, तर तो छापणार नाही.