वाफेच्या यंत्राचे सेल

सुट्ट्या लागल्या की आपल्या घरांतून बांधाबांध सुरू होते. कुणी गावी निघते, कुणी नात्यातल्या लग्नाला, कुणी अम्मी-अब्बांना उमऱ्याला पाठवायच्या तयारीत असते. ज्या घरात दम्याचे मूल किंवा दम्याची दादी आहे, तिथे पिशवीत आणखी एक वस्तू जाते. हातात मावणारे वाफेचे यंत्र, म्हणजे छोटा नेब्युलायझर. घरातले घरघर करणारे मोठे यंत्र भिंतीतल्या विजेवर चालते. हे छोटे आवाज करत नाही आणि यातले बरेच प्रकार पेन्सिल सेलवर चालतात. यंत्र घेताना आपण चार दुकाने फिरतो, सेल मात्र स्टेशनबाहेरच्या टपरीवरून उचलतो. रात्री दोन वाजता गाडी आडस्टेशनावर थांबलेली असताना मुलाला धाप लागली, तर सगळे त्या सेलांवर येऊन ठेपते.

टपरीवरचे स्वस्त सेल भिंतीवरच्या घड्याळासाठी ठीक असतात. घड्याळ थेंबथेंब वीज पिते, वाफेचे यंत्र घटाघटा पिते. म्हणून या कामाला चार्जिंगचे निकेल-मेटल हायड्राइड सेल चांगले. वेष्टनावर ‘एनआयएमएच’ अशी अक्षरे असतात. पण आधी यंत्राबरोबरची पुस्तिका काढा आणि चार्जिंगचे सेल चालतात का ते वाचा. नाही म्हटले असेल तर वाद न घालता चांगले अल्कलाइन सेल घ्या. औषधाच्या यंत्रावर प्रयोग नकोत.

चालत असतील तर दुकानात दोन प्रकार दिसतील. एकावर २५०० किंवा त्याहून मोठा आकडा, दुसऱ्यावर १९०० ते २००० एमएएच. हात साहजिकच मोठ्या आकड्याकडे जातो. प्रवासासाठी आम्ही लहान आकड्याचाच घ्यायला सांगू. जुन्या पद्धतीचे सेल भरून पिशवीत ठेवले तरी आपोआप गळत जातात आणि महिनाभराने बरेच रिकामे झालेले असतात. २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले, ते भरून ठेवले तर वर्षानंतरही बहुतेक भरलेलेच राहत. आता अशा गुणाचे सेल इतर कंपन्यांचेही मिळतात. वेष्टनावर ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ लिहिलेले पाहावे. दम्याचा झटका काही रोज येत नाही. पंधरा दिवस नुसते पडून राहायचे आणि सोळाव्या दिवशी पूर्ण ताकदीने चालायचे, असा सेल आपल्याला हवा. शिवाय मोठ्या आकड्याचे सेल सहसा कमी वेळा भरता येतात.

पेन्सिल आकाराच्या अशा सेलवर ३००० च्या पुढचा आकडा असेल तर विश्वास ठेवू नका. खरा सेल हाताला जड लागतो. चार सेल मिळून शंभर ग्रॅमच्या वर भरतात, फुलासारखा हलका लागला तर परत करा. आणखी एक घोटाळा जास्त धोक्याचा आहे. अगदी याच आकाराचा एक लिथियम सेल मिळतो, त्यावर ३.७ व्होल्ट लिहिलेले असते. तो यंत्रात घातला तर यंत्रच जळू शकते. आपल्या सेलवर १.२ व्होल्ट असायला हवे.

या १.२ चा आणखी एक परिणाम आहे. साधा नवा सेल १.५ व्होल्टचा असतो आणि वापराबरोबर हळूहळू उतरतो. चार्जिंगचा सेल १.२ च्या आसपास बराच वेळ टिकून राहतो आणि शेवटी एकदम बसतो. त्यामुळे यंत्रावरचा बॅटरीचा दिवा फसवतो, कधी भरलेल्या सेलला अर्धा म्हणतो, तर कधी संपत आल्याचा इशारा उशिरा देतो. त्यावर भरवसा न ठेवता भरलेला दुसरा जोड बरोबर ठेवावा. जोड फोडू नये. एक जुना, एक नवा असे घातले की दुबळा सेल आधी संपतो आणि दुसरा त्याला आणखी खराब करतो. आम्ही जोडांवर रंगीत चिकटपट्टी लावतो, हिरवा जोड हिरव्यातच.

चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासून भरणारा आणि मोबाइलच्या अडॅप्टरवर चालणारा घ्यावा, म्हणजे वेगळे धूड न्यायला नको. चार-पाच तासांत सेल भरले तर पुरे, घाईने भरले की ते तापतात. साधे अल्कलाइन सेल त्यात चुकूनही घालू नका, ते फुटतात. गाडीत भरू म्हणून विसंबू नका, रात्री अनेक गाड्यांतले चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात. भरलेले सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवा. पर्समध्ये किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांबरोबर सुटे पडले तर दोन टोके जोडली जाऊन तापतात.

उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. वाफेचे यंत्र आणि सेल हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. पॉवर बँक तर विमानात हातातच न्यावी लागते, आणि तीही १०० वॅट-तासांपर्यंतची. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची भरते. सौदीत तीन चपट्या पिनांचे सॉकेट असते, आपला गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही, म्हणून जोडणी इथूनच घेऊन जा.

निघण्याच्या दोन दिवस आधी दोन्ही जोड भरून प्रत्येकावर एकदा यंत्र चालवून पाहा, औषधाच्या जागी डॉक्टरांनी सांगितलेले सलाइनचे पाणी घालून. आणि डॉक्टरांनी दिलेला पंप व स्पेसर वाफेच्या यंत्राबरोबर न्यायचाच आहे. त्याला सेल लागत नाही.