गेममध्ये राजगड उभारलात, पण तो नकाशा कोणाचा?

पुणे : जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत. 'एज ऑफ एम्पायर्स २' या गेममध्ये असा गड तुम्हालाही उभारता येतो. तो कसा आणि त्यावर हक्क कोणाचा, समजून घेऊ.

नकाशा कसा बनतो?
गेमसोबतच सिनॅरिओ एडिटर मिळतो. त्यात जमीन, पाणी, जंगल, कडे आणि उंची हाताने आखायची. डोंगराच्या चढउतारासाठी नासाच्या २००० सालच्या मोहिमेचा ३० मीटरचा मोफत डेटा वापरता येतो. राजगडाचा ढाचा सोपा आहे : मध्ये बालेकिल्ला, तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माच्या.

उंचीने काय फरक पडतो?
वरून केलेला वार २५ टक्के जास्त लागतो, खालून केलेला २५ टक्के कमी. त्यामुळे चढायच्या वाटा फार कमी ठेवल्या, तर हल्ला करणारा हरणारच.

हक्क कोणाचा?
खरी मेख इथे आहे. जगप्रसिद्ध 'डोटा' हा मुळात 'वॉरक्राफ्ट ३'च्या चाहत्यांनी बनवलेला नकाशा. 'डोटा २' मात्र व्हॉल्व्ह या दुसऱ्याच कंपनीने काढला. पुढे २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३ : रिफोर्ज्ड' आणताना ब्लिझार्डने अट घातली : चाहत्यांचे नकाशे कंपनीच्याच मालकीचे.

मग काय करावे?
प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या असतात. महिनाभर जागून केलेला गड अपलोड करण्याआधी त्या वाचा. 'आय अ‍ॅग्री' दाबल्यावर तक्रारीला फारशी जागा उरत नाही.