पिसांवर लिहिलेला ताळेबंद

कारखान्याचा ताळेबंद दरवर्षी छापला जातो. कच्च्या मालाची किंमत, मजुरी, व्याज, घसारा आणि अखेरीस भागधारकांना वाटावयाचा नफा, असे सारे काही त्यात पैशापैशाने मांडलेले असते. धुराड्यातून आणि सांडपाण्याच्या नळातून जे बाहेर गेले, त्याची नोंद मात्र त्यात कोठेही आढळत नाही. खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली जो ग्रंथ लिहिला, त्याचे मर्म हेच होते. असा खर्च नाहीसा होत नसतो. तो तिऱ्हाइताच्या नावे चढतो, आणि हा तिऱ्हाईत बहुधा दुबळा असल्यामुळे त्याची तक्रार कोणी ऐकत नाही. पाऱ्याच्या बाबतीत या तिऱ्हाइताचे खाते निसर्गाने स्वतःच लिहून ठेवले आहे. समुद्रपक्ष्यांच्या पिसांत ते वाचता येते.

ही नोंद होते कशी, हे समजावून घेणे अवघड नाही. खाडीच्या तळाशी गाळात बसलेल्या पाऱ्याचे तेथील जीवाणू मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे संयुग शरीरात शिरले की सहजासहजी बाहेर पडत नाही. पाण्यातील सूक्ष्म प्लवकांतून ते तारली-बांगड्यांत, तेथून सुरमई-मोरीत, आणि अखेर मासे खाणाऱ्या पक्ष्यांत व माणसांत पोहोचते. प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. पक्ष्याला नवे पीस फुटत असताना त्या पिसाला रक्ताचा पुरवठा होत असतो. पीस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनते, त्यातील गंधकाशी रक्तातला पारा घट्ट बांधला जातो. पीस पुरते वाढले की हा रक्तपुरवठा तुटतो आणि नोंद कायमची बंद होते. पुढे त्या पिसातील पारा वर्षानुवर्षे बदलत नाही. काही जातींत तर शरीरातील एकूण पाऱ्यापैकी नव्वद टक्क्यांपर्यंत भाग पिसांत उतरलेला आढळला आहे. तपासणीसाठी काही मिलिग्रॅम पीस पुरते; पक्षी मारावा लागत नाही.

या पद्धतीचे सामर्थ्य प्रथम दिसले ते स्वीडनमध्ये. तेथील शास्त्रज्ञांनी वस्तुसंग्रहालयांत जपलेल्या पक्ष्यांची पिसे तपासून १९६६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे शंभर वर्षे पाऱ्याचे प्रमाण स्थिर होते आणि १९४० नंतर ते जमिनीवरच्या पक्ष्यांत एकदम दहा ते वीस पटींनी वाढले होते. बियाण्याला चोळण्याचे पारायुक्त औषध त्याच सुमारास शेतीत आले होते. त्या औषधावर १९६६ सालीच बंदी आली आणि पुढच्या काळातील पिसांत पारा उतरू लागला. कॅनडाच्या आर्क्टिक प्रदेशातील आयव्हरी गल या पांढऱ्या कुरव पक्ष्याचा दाखला याहून बोलका आहे. १८७७ ते २००७ या काळातील त्याच्या पिसांत मिथिल पारा पंचेचाळीस पटींनी वाढल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. या पक्ष्याचा आहार बदललेला नव्हता आणि त्याच्या आसपास कारखानाही नव्हता. दगडी कोळशाच्या भट्ट्यांतून निघालेला पारा वाऱ्यावर स्वार होऊन ध्रुवापर्यंत जातो, हाच त्याचा अर्थ.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा व क्लोरीन बनविणाऱ्या कारखान्यांत अनेक दशके पारा वापरला जात होता. रेयॉन, कागद आणि साबण यांच्या उद्योगाला हा सोडा हवा होता. पारा जात होता खाडीत. ठाण्याच्या खाडीतील पाऱ्याविषयी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे व देसाई या शास्त्रज्ञांनी १९८१ साली निबंध प्रसिद्ध केला. कारवारच्या कॉस्टिक सोडा कारखान्याजवळच्या पाऱ्याचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. उल्हास नदीच्या मुखाशी साचलेल्या दूषित गाळातून पारा पुन्हा सजीवांना कसा उपलब्ध होतो, यावरचा निबंध २००९ सालचा आहे. म्हणजे माहिती होती. ती शास्त्रीय नियतकालिकांत इंग्रजीतून छापलीही गेली होती. पण भाऊच्या धक्क्यावर किंवा कारवारच्या बंदरावर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईपर्यंत ती मराठीतून किंवा कोकणीतून कोणी पोहोचविली?

देशातील बहुतेक कारखान्यांनी आता पाऱ्याची पद्धत सोडून पडद्याची पद्धत स्वीकारली आहे, हे खरे आणि स्वागतार्ह आहे. परंतु यंत्र बदलल्याने गाळ बदलत नाही. शिवाय कोळशाचा धूर चालूच आहे. औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील पाऱ्याला आपल्या देशात मर्यादा घातली गेली ती डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने: घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम. धुराड्याच्या तोंडाशी होणारे हे मोजमाप बहुतांशी प्रकल्पचालकांच्याच हाती असते. ज्याचा खर्च त्यानेच हिशेब लिहावयाचा आणि त्यानेच तपासावयाचा, ही रीत सहकारी पतपेढीतही कोणी चालवून घेणार नाही. स्वतंत्र लेखापरीक्षक हवाच, आणि येथे तो विनावेतन उपलब्ध आहे.

कोल्हापूरच्या वाचकाने हा विषय किनाऱ्यावरच्यांचा म्हणून सोडून देऊ नये. आमच्या पंचगंगेचे पाणी कृष्णेवाटे पूर्वेला जाते, पण आमच्या रविवारच्या ताटातली सुरमई पश्चिमेकडून घाट चढून येते. त्याच किनाऱ्यावर वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडक आहेत, तेथे सुरय पक्ष्यांची वसाहत आहे. हुमायूँ अब्दुलअली यांनी तेथील सुरय आणि पाकोळ्यांवर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४२ साली लेख लिहिला होता. ही संस्था १८८३ साली स्थापन झाली आणि तिच्या संग्रहात पक्ष्यांचे हजारो जुने नमुने आहेत. जुनी पिसे मुंबईत आणि नवी पिसे वेंगुर्ल्यात, असा योग आपल्याला लाभलेला आहे.

ही वही वाचावयाची तर शिस्त मात्र पाळावी लागेल. प्रौढ पक्षी दूरवर भटकतात, आणि पीस जेथे वाढले त्या जागेची किंवा त्याआधीच्या काळाची नोंद त्यात असते. पिल्लाला मात्र आईबाप वसाहतीच्या आसपासचेच मासे भरवितात. म्हणून आपल्या किनाऱ्याची साक्ष हवी असेल तर पिल्लांची पिसे अधिक भरवशाची. जुने नमुने टिकावेत म्हणून पूर्वी त्यांना पाऱ्याचेच क्षार लावीत असत. त्यामुळे तेथे एकूण पारा न मोजता मिथिल पारा वेगळा काढून मोजावा लागतो. पिसात दशलक्ष भागांमागे पाच भाग पारा ही संशोधक साधारणतः धोक्याची पातळी धरतात, परंतु जातीगणिक ती बदलते. एका वर्षाच्या आकड्यावर आरडाओरडा करणे जितके गैर, तितकेच एका वर्षाच्या आकड्यावर निर्धास्त राहणेही गैर.

माणसे उपाशी असताना पक्ष्यांच्या पिसांची उठाठेव कशाला, असे विचारणारे आपल्या चळवळीतही आहेत. त्यांनी मिनामाताचा इतिहास आठवावा. त्या जपानी गावात माणसांच्या आधी मांजरे झिंगून मेली आणि पक्षी आकाशातून खाली पडले. माणसांचा आजार अधिकृतरीत्या नोंदला गेला १९५६ साली. चिस्सो कंपनीच्या स्वतःच्या डॉक्टरने, होसोकावा यांनी, १९५९ साली मांजरावर प्रयोग करून कारखान्याचे सांडपाणीच कारणीभूत असल्याचे पाहिले. कंपनीने तो निष्कर्ष दडपला आणि पारा १९६८ पर्यंत समुद्रात जात राहिला. पुढे दोन हजारांहून अधिक लोकांना अधिकृतपणे रुग्ण ठरविण्यात आले. त्यांत मच्छीमार कुटुंबे सर्वांत पुढे होती, कारण रोजचे जेवण म्हणजे त्यांना मासाच. पक्ष्यांची साक्ष वेळीच वाचणे ही श्रीमंतांची चैन असती, तर तिची सर्वाधिक गरज सर्वांत गरिबाला पडली नसती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो किनाऱ्यावरून येतो. उद्या सुरयाच्या पिसात पारा सापडल्याची बातमी फुटली, तर कारखाना एक दिवसही बंद राहणार नाही; पण मालवणच्या आणि वेंगुर्ल्याच्या बाजारात कोळणीची टोपली मात्र तशीच पडून राहील. ही भीती अवास्तव नाही. म्हणूनच मोजमाप आणि त्याची जबाबदारी यांची फारकत होता कामा नये. कोणत्या माशात किती पारा हे जातवार सांगितले पाहिजे. पारा साठतो तो मुख्यतः मोठ्या, दीर्घायुषी, शिकारी माशांत. तारली-बांगड्यांसारख्या लहान माशांत तो सामान्यतः कमी असतो, हे गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांच्या आयांना साध्या भाषेत कळले पाहिजे. मासेमारीला तोटा झालाच तर त्याची भरपाई प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल झाली पाहिजे. आकडा कोळ्याने सोसावा आणि नफा भागधारकाने घ्यावा, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

भारताने पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारावर जून २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. पाऱ्याची पातळी मोजताना मासे, सागरी सस्तन प्राणी, कासवे आणि पक्षी यांचाही समावेश करण्याचा उल्लेख त्या करारातच आहे. तेव्हा आमची मागणी नवी नाही. दिलेला शब्द पाळावा एवढेच म्हणणे आहे. वेंगुर्ल्याच्या खडकांवरून दरवर्षी वन्यजीव कायद्यानुसार परवानगी घेऊन, वसाहतीला धक्का न लावता, पिसे गोळा केली जावीत. शिवाजी विद्यापीठासारख्या सार्वजनिक संस्थेने ती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सहकार्याने तपासावीत. ज्यांची संमती असेल अशा मच्छीमार कुटुंबांच्या केसांचीही तपासणी व्हावी, कारण केसही त्याच केराटिनचे असतात आणि तीच नोंद ठेवतात. खर्च पाऱ्याचे उत्सर्जन करणाऱ्या उद्योगांवरील उपकरातून निघावा. तपासणीचे नियंत्रण मात्र त्यांच्याकडे नसावे. आणि दरवर्षीचा आकडा मराठीतून प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागावा.

ताळेबंद लिहिला जातच आहे. तो मच्छीमारांना वाचावयास मिळतो की संशोधकांच्या कपाटात राहतो, हे मात्र सरकारच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. मच्छीमार संघटनांनी, विद्यार्थ्यांनी आणि आमच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी या विणीच्या हंगामाआधीच लावून धरली पाहिजे.