नखाएवढ्या कार्डावर संगणकाचा संसार

संगणक म्हटला की त्याच्या पोटात गरगर फिरणारी हार्ड डिस्क असायचीच, असा समज पुष्कळ वर्षे होता. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधून विक्रीला आलेल्या ‘रास्पबेरी पाय’ने तो खोटा ठरवला. केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांसाठी बनवलेला हा संगणक तळहातावर मावणारा आणि किंमत फक्त ३५ डॉलर! त्यात हार्ड डिस्क नव्हती. कॅमेऱ्यात घालतात तसले एसडी कार्ड खाचेत सरकवले की लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम थेट त्यावरूनच सुरू होई. २०१४ पासून तर नखाएवढे मायक्रोएसडी कार्डही पुरू लागले.

या कार्डात फिरणारा एकही भाग नसतो. आत असते ती फ्लॅश मेमरी. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात शोधून काढली. सूक्ष्म कप्प्यांमध्ये इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे, ही त्यामागची युक्ती. वीज बंद झाली तरी ते तिथेच राहतात, म्हणून माहिती टिकते. मात्र नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसावे लागते आणि एकच कप्पा पुसता येत नाही, गठ्ठाच्या गठ्ठा पुसावा लागतो. पाटीवरचे एक अक्षर बदलायला सगळी पाटी पुसावी, तसाच हा प्रकार. शिवाय प्रत्येक पुसण्यागणिक पाटी थोडी झिजते.

फोटो आणि गाण्यांच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. ती एकदा लिहिली की पुढे वाचायचीच असतात. ऑपरेटिंग सिस्टीमचा स्वभाव मात्र चोपडी लिहिणाऱ्या मुनीमासारखा. कोणता प्रोग्रॅम केव्हा सुरू झाला, कुठे चूक झाली, याच्या नोंदी ती दिवसभर करत असते. कार्डातला नियंत्रक ही झीज सगळ्या गठ्ठ्यांत वाटून देतो, तरी स्वस्तातले कार्ड लवकर थकते.

झिजेपेक्षाही मोठा धोका अचानक जाणाऱ्या विजेचा. जुने पुसून झाले, नवे लिहायचे बाकी आणि तेवढ्यात दिवे गेले, तर दोन्ही हातचे जातात. सकाळी संगणक सुरूच होत नाही आणि मुलीने महिनाभर खपून केलेला शाळेचा प्रकल्पही त्यातच अडकतो. ज्या घरात दिवसातून दोनदा वीज जाते, तिथे हे सहज घडू शकते.

यावर उपाय आहेत आणि ते फारसे खर्चिकही नाहीत. खटका थेट बंद न करता संगणक रीतसर ‘शटडाऊन’ करावा. नोंदी कार्डाऐवजी रॅममध्ये ठेवण्याची सोय लिनक्समध्ये आहे. संगणक एकच ठरावीक काम करणार असेल, तर कार्ड ‘फक्त वाचण्यापुरते’ ठेवता येते. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्येच तशी तरतूद आहे. कार्ड घेताना त्यावर ए१ किंवा ए२ ही खूण पाहावी. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १,५०० विखुरलेली वाचने आणि ५०० लेखने, तर ए२ म्हणजे ४,००० आणि २,०००. ऑपरेटिंग सिस्टीमला हाच वेग उपयोगी पडतो. लिहिण्याचे काम फारच असेल, तर २०१६ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून यूएसबीला जोडलेल्या डिस्कवरूनही हा संगणक चालवता येतो.

सगळ्यात सोपा उपाय शेवटी. सगळे नीट चालत असतानाच कार्डाची हुबेहूब नक्कल दुसऱ्या कार्डावर करून ती कपाटात ठेवावी आणि मुलांच्या कामाची प्रत दर आठवड्याला वेगळी काढावी. पहिले कार्ड दगा देईल त्या दिवशी दुसरे खाचेत सरकवले की पाच मिनिटांत संगणक पुन्हा कामाला लागेल. कार्ड बाजारात केव्हाही मिळते, महिनाभराची मेहनत तशी मिळत नाही.