कोयनेचं खोरं नेमकं कुणापासून राखायचं?

मी चिपळूणचा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत होतं. त्याच पावसात घाटापलीकडे पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. आमचा चिखल महिनाभरात निघाला. तिथली माणसं गेली ती गेलीच. शिवाय कोयनेचं पाणी बोगद्यातून उतरतं, वीज करून कोळकेवाडीमार्गे आमच्याच नदीला मिळतं. म्हणून ‘तुमचा तिकडे काय संबंध?’ हा प्रश्न मला कुणी विचारू नये.

आता त्या डोंगरात ‘नवीन महाबळेश्वर’ होऊ घातलंय. 2019 मध्ये रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमलं. सातारा, पाटण, जावळी तालुक्यांतली 235 गावं त्यांच्या हाती दिली. पुढे आणखी 294 जोडून आकडा 529 वर नेला. रस्ते बांधणाऱ्यांनी डोंगराचा आराखडा करायचा! जुन्या महाबळेश्वर-पाचगणीला 2001 पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचं कवच आहे. तिथल्या सुट्टीच्या दिवसांतल्या गाड्यांच्या रांगा आणि अनधिकृत बांधकामांच्या बातम्या बघा. कवच असून ही गत. मग नवीन कशाला?

कोयनेकाठच्या माणसाकडून आपण काय काय घेतलं, ते आधी मोजू. धरणासाठी नदीकाठची भातखाचरं घेतली. शंभर टीएमसीहून अधिक पाणी अडवलं, 1960 मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला, आणि धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून पुनर्वसनासाठी उपोषणाला बसते. 1967 च्या डिसेंबरात भूकंप झाला. 1985 मध्ये उरलेल्या डोंगरावर अभयारण्य आलं, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघ हवाच, माझा त्याला विरोध नाही. पण प्रत्येक वेळी ‘राष्ट्रहित’ म्हटलं की उठायचं त्याच माणसाने, हा कुठला न्याय?

दोन वर्षांपूर्वी बामणोलीकडे गेलो होतो. जलाशयाकाठच्या एका वस्तीवर एक आबा भेटले. मुलगा वाशीच्या मार्केटात माथाडी, घरात म्हातारा-म्हातारी. दवाखाना गाठायचा तर आधी लाँच मिळाली पाहिजे. मी नव्या आराखड्याचं विचारलं. म्हणाले, “भाई, आमी जंगलातनं काटकी आणली तर गुन्हा, अन् त्येंनी डोंगर कापला तर इकास. बाकी मला काय कळत न्हाय.” एवढं कळल्यावर आणखी काय कळायचं राहतं? 2024 मध्ये कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावची शेकडो एकर जमीन एका बड्या अधिकाऱ्याने नातेवाइकांसह घेतल्याची बातमी गाजली. हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली.

आपल्याकडे राखीव जमिनीची कल्पना जुनी आहे. मदीनेच्या भोवतालची झाडं तोडायला आणि तिथे शिकार करायला प्रेषितांनी (स.) मनाई केली होती. राखलेल्या कुरणाला ‘हिमा’ म्हणत. हजरत उमर (रजि.) यांनी अशा एका कुरणावर हुनैय नावाचा माणूस नेमला आणि त्याला बजावलं, की ज्याच्याकडे चार उंट, चार शेळ्या आहेत त्याला आत येऊ दे, अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांची जनावरं बाहेर ठेव. ही दोघं काही ऐरीगैरी माणसं नव्हती, खास सहाबी होते. पण कारण साधं होतं: त्यांची जनावरं मेली तर त्यांच्या खजुरीच्या बागा आहेत, गरिबाची मेली तर तो पोरंबाळं घेऊन माझ्या दारात उभा राहील, तेव्हा त्याला सोनं-चांदी देण्यापेक्षा गवत आणि पाणी देणं मला सोपं. आपण सह्याद्रीत नेमकं उलटं कुरण राखलंय. हुनैय फाटकावर उभा आहे, पण त्याने शेळीवाल्याला हाकललंय आणि बागवाल्याला सलाम ठोकलाय.

‘मग विकास नकोच का?’ हवा ना. बारमाही चालणारा दवाखाना हवा, पावसात न तुटणारा रस्ता हवा, वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावे मंजूर व्हायला हवेत, मध-हिरडा विकायची सोय हवी. पाहुणे येऊ देत, आबांच्या ओसरीवर उतरू देत, पैसे आबांच्या हातात पडू देत. माधव गाडगीळ समितीने 2011 मध्ये हेच तर सांगितलं होतं: ग्रामसभांना विचारून ठरवा. तो अहवाल सरकारने आधी दाबला, मग ‘शेतकऱ्याला घर बांधता येणार नाही, झाड लावता येणार नाही’ अशी भीती गावोगाव पसरवली. भीती घालणारे कोण होते? ज्यांना खाणी आणि प्लॉट हवे होते ते. गाव मात्र त्यांच्यामागे गेलं, कारण वनखात्याचा दंडुका त्याने खाल्ला होता. तेवढा दोष पर्यावरणवाल्यांनीही पदरात घ्यावा.

आणि आपण? आखाताचा पैसा आला की आम्हा कोकणी मुसलमानांनाही डोंगरात फार्महाऊस सुचतं. दुसऱ्यांवर बोट दाखवून चालणार नाही. गेल्या महिन्यात कुवेतहून एका नातेवाइकाचा फोन आला: “भाईजान, तापोळ्याकडे दहा गुंठे मिळतायत, नवीन महाबळेश्वर झाल्यावर पाचपट होतील, घेऊन टाकू?” मी त्याला हुनैयची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “बरं, रेट काय चाललाय ते तरी विचारून ठेवा.”